वाऱ्याविरुद्ध चाललेलं मडकं

त्या हिवाळ्यात बदकं आली नाहीत, आणि अख्ख्या गावात त्याचा आनंद झालेला माणूस मी एकटा होतो. बाकी सगळ्यांची तोंडं उतरलेली. बापूस उठला की चूळ भरायच्या आधी अंगणात जाऊन उत्तरेकडे तोंड करून उभा राहायचा, कपाळाला हात लावून बघत राहायचा. बदकांचा थवा डोक्यावरून जाताना जुनं लुगडं टरकन फाडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की चुलीवरची भाकरी करपली तरी चालायचं, आमच्या घरातले सगळे बाहेर पळायचे. त्या वर्षी भाकऱ्या नीट भाजल्या जात होत्या. मी पडवीत गोधडीतून एका डोळ्याने बापसाकडे बघायचो, आभाळ रिकामं दिसलं की तो डोळा परत मिटायचो आणि गावदेवीला मनातल्या मनात नारळ बोलायचो. बाय माझे, असंच ठेव. एक पाखरू पाठवू नकोस.

का, ते सांगतो. पण आधी आमचं काम सांगायला हवं, कारण आता ते कोणाला माहीत नाही आणि सांगितलं तर नातवंडं म्हणतात, आजोबा थापा मारतात. आमच्याकडे बंदूक नव्हती. बंदूक पनवेलच्या शेठ लोकांकडे. ते जीपमधून यायचे, ढुम्म करून दोन-चार पाखरं पाडायचे, बाकीचा सगळा थवा उडवून लावायचे आणि थर्मासमधला चहा पिऊन निघून जायचे. आम्ही मडक्यात शिरून बदक धरायचो. खाडीच्या बांधाच्या आत गोड्या पाण्याचं मोठं तळं होतं. भातकापणी झाली की बापूस त्यात काळी पडलेली, बिनकामाची मडकी तोंड बांधून सोडून द्यायचा. ती वाऱ्याबरोबर दिवसभर इकडून तिकडे हिंडायची. नवी आलेली बदकं आधी बिचकून लांब बसायची. मग त्यांना कळायचं की ही काळी गोल वस्तू कोणाचं वाईट करत नाही, आणि ती मडक्यांना खेटून झोपायला लागायची. एवढी सवय झाली की आमच्यातला एक जण, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडलेलं मोठं मडकं डोक्यात घालून गळाभर पाण्यात उतरायचा. पाण्यावर नुसतं मडकं दिसतं. हळूहळू, वारा नेईल तसं, बदकांत जायचं, पाण्याखालून पाय धरायचे आणि खाली ओढायचं. शेजारच्या बदकाला वाटतं, याने बुडी मारली. नियम एकच. वाऱ्याविरुद्ध मडकं चालवायचं नाही. बदकाला बाकी काही कळत नसेल, पण वाऱ्याच्या उलट जाणारं मडकं म्हणजे माणूस, एवढं त्याला नक्की कळतं.

आता ही शिकार कायद्याने बंद आहे, आणि बंद आहे तेच बरं. तळंही राहिलेलं नाही. त्याच्यावर भराव पडला, सेक्टर झाला, आणि सरकारने जमीन घेतल्याच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या जमिनीवर उठलेल्या बिल्डिंगीत रोडपालीला मी वर बसून हे लिहितोय. शाळा माझी चौथीत सुटली, तेव्हा अक्षर आणि शुद्धलेखन जसं आहे तसं.

मडक्याचं काम जमायचं हाशाला. हाशा माझ्या आतेचा मुलगा. आते आणि तिचा नवरा होडी उलटून गेले तेव्हापासून तो आमच्याकडेच वाढला. माझ्याहून वर्षाने मोठा आणि वीतभर उंच. वीतभर म्हणजे तुम्हाला काही वाटणार नाही, पण त्या तळ्यात वीत म्हणजे सगळं होतं. बदकं बसतात मध्यभागी, आणि मध्यभागी पाणी हाशाच्या गळ्याशी आणि माझ्या नाकावर. तो पाय टेकून चालायचा. मी चवड्यांवर नाचायचो, मडकं हलायचं आणि थवा उठायचा. म्हणून बापसाने मोठं मडकं त्याच्या डोक्यात घातलं आणि मला बांधावर बसवलं, त्याने धरलेल्या पाखरांची पिसं काढायला. घरात आयशीचं तर विचारूच नका. तांदळाची भाकरी आणि बदकाचं कालवण झालं की तंगडी त्याच्या ताटात. "पोर पान्यान उभा र्‍हातंय, गारठतंय," म्हणायची. मी म्हणायचो, "मी पन बांधावर वाऱ्यान बसतंय." "तुला काय व्हतंय? तुज्या अंगावर चरबी हाय," असं म्हणून ती मला मान वाढायची. बदकाची मान! बसा चोखत. माझ्याएवढ्या माना या पट्ट्यात कोणी चोखल्या नसतील. आजही लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या पानात मोठा तुकडा पडला की माझी नजर आधी तिकडे जाते. अर्धे दात गेले, नजर तशीच राहिली.

तेही मी सोसलं असतं. जनीचं मात्र सोसेना. जनी म्हणजे पुढे जी माझी बायको झाली आणि यंदा पावसाळा संपता संपता गेली ती. हे लिहिताना मागून येऊन "खोटा बोलतंस" म्हणणारं कोणी नाही, म्हणून काही कमीजास्त झालं तर समजून घ्या. तेव्हा ती पलीकडच्या आळीतल्या धर्माबाबाची मुलगी होती आणि मिठागरावर मिठाच्या टोपल्या वाहायला जायची. जायची वाट बांधावरूनच. डोक्यावर रिकामी टोपली, कमरेला खोचलेलं लुगडं, आणि चालता चालता बाजूला न बघता बोलायची सवय. तळ्याशी आली की थांबायची आणि पाण्याकडे बघून विचारायची, "काय रं हाशा, किती धरलीस?" मडक्यातून हाशा बोटं वर करून दाखवायचा. ती हसायची. मी तिच्या पायाशी बसलेलो असायचो, हातात पिसं, केसांत पिसं, नाकात पिसं. एकदा मी म्हटलं, "मना पन इचार की." तर म्हणाली, "तुला काय इचारू? शिंकतंस किती वेला त्या?"

त्या वर्षी गणपती गेल्यावर बापूस ओटीवर बसून आयशीला सांगत होता, ते मी आतून ऐकलं. "बयनीचा पोर हाय. त्याचा आधी झाला पायजे. धर्माची जनी मागू त्याला." आईस म्हणाली, "बेस हाय. पन मग आपला नाऱ्या?" बापूस म्हणाला, "नाऱ्याला काय घाय हाय?" माझा बापूस, माझ्या तोंडावर दार लावल्यासारखं बोलला, आणि मी दाराच्या आत होतो.

आता आमच्या आसपासच्या चार-पाच गावांत एक चाल होती. मागणी घालायला जाताना पाण्यातल्या पाखरांची जोडी न्यायची. एका जातीचा नर आणि मादी, दोन्ही जिवंत, पाय काथ्याने बांधून टोपलीत. मुलीने बाहेर येऊन पाखरांच्या पायांवर तांब्याने पाणी घालायचं आणि मग बोलणं सुरू. जोडी नाही तर मागणी नाही. आणि मागणी मार्गशीर्षात व्हायला हवी, कारण पौषात कोणी शुभ बोलत नाही आणि माघात लग्नं लागायला सुरुवात होते. राहिलं तर एकदम पुढच्या वर्षावर गेलं. म्हणून मी रोज सकाळी रिकाम्या आभाळाला हात जोडत होतो. पाखरू नाही तर मागणी नाही, मागणी नाही तर जनी अजून कोणाचीच नाही.

मार्गशीर्ष लागला तरी तळ्यात नुसती आमचीच मडकी फिरत होती. बांधावर शिकारी माणसं सकाळपासून येऊन बसायची, विड्या ओढायची आणि कारणं शोधायची. बापूस म्हणायचा, खाणीतल्या सुरुंगांनी पाखरू भेदरलंय. कोणी म्हणायचा, मिठागरवाल्यांनी दिवे लावले त्याचं हे. शेजारचा गोमाकाका टिंगलखोर होता. तो म्हणाला, "तसा काय नाय रं. बदका निघाली व्हती बरोबर. पलस्प्याच्या नाक्यावर चुकली न् गोव्याच्या रस्त्याला लागली." सगळे हसले, बापूस हसला नाही. घरात आईस रोज सुकट आणि वांगं करायची, नाहीतर चिखलातले निवटे मासे, नाहीतर मी चिखलात हात घालून आणलेल्या चिंबोऱ्या. चिंबोऱ्या धरण्यात मी पहिला होतो, उंची लागत नाही त्याला. त्या दिवसांत मला भूकही चांगली लागायची. एकदा आईस माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "गावाच्या तोंडचा पानी पलाला, न् तूच कनाला फुगतंस रं?" हाशा मात्र वाळत चालला होता. तो रोज तळ्यावर जायचा, सुटलेली मडकी परत आत ढकलायचा, मोठ्या मडक्याच्या भोकांच्या कडा आतून बोट फिरवून तपासायचा, आणि जनी बांधावरून गेली की मान खाली घालायचा. तिने काही विचारलं नाही तरी घालायचा. विचारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. मला ते बघून फार बरं वाटायचं. लपवत नाही.

मग मार्गशीर्ष सरत आला असताना एका पहाटे मी उघाडीची फळी बघायला बांधावर गेलो होतो. भरतीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून बांधाच्या मोरीला जी फळी असते ती. धुकं होतं, खाडीकडून गार वारा. आणि डोक्यावर लुगडं फाटलं. एकच लहानसा थवा, दमलेला, एक फेरा मारून तळ्यात उतरला आणि सरळ मडक्यांत जाऊन बसला, जसा काही त्यांचा जन्मच मडक्यांत झाला होता. नर लांब टोकदार शेपटीचे होते, त्यांना आम्ही तलवार म्हणायचो. माद्या तपकिरी. माद्या सगळ्या जातींच्या तपकिरीच असतात.

देवीला बोललेले नारळ मी जागच्या जागी विसरलो. मनात एवढंच आलं की ही जोडी मी धरली तर मी स्वतःच धर्माबाबाच्या दारात जाऊन उभा राहीन, बापूस गेला उडत. बांधावरच्या खोपटातून दुसरं मडकं उचललं, जुन्या जाळ्याची झोळी गळ्यात बांधली आणि पाण्यात उतरलो. जिवंत पाखरू हवं असलं की ही झोळी लागते. पाखराचं अंग पाण्यात राहतं आणि तोंड मडक्याच्या आत, आपल्या हनुवटीखाली, म्हणजे ते गुदमरत नाही. पाणी इतकं गार की छातीत कळ आली. आत काळोख, तोंडासमोर आपलाच श्वास, आणि दोन भोकांतून दिसेल तेवढं जग. चवड्यांवर जात होतो. वारा पाठीमागे होता, मडकी सगळी माझ्याबरोबर पुढे चालली होती. आणि समोरून एक मडकं माझ्याकडे येत होतं.

वाऱ्याविरुद्ध. सरळ माझ्या अंगावर.

मग कळलं. हाशा माझ्या आधीपासून पाण्यात होता. ज्याने कधी नियम मोडला नाही, त्याने मला अडवायला मोडला. दोन मडकी एकमेकांसमोर येऊन थांबली, मध्ये एक बदक डोकं पंखात घालून बसलेलं.

"नाऱ्या?" मडक्यातून आवाज घुमतो, विहिरीतून बोलल्यासारखा.

"हां."

"मागं जा. उठतील सगली."

"तू जा. तूच उलटा चाललास."

"तुला कनाला पायजे रं जोडी?"

"तुला कनाला पायजे?"

तो म्हणाला, "मामा मागनार हाय तिला. माज्यासाठी. ठरलाय."

"मामा तुजा हाय. बापूस माजा हाय."

मला वाटलं, वर्मी लागलं. तेवढ्यात मधल्या बदकाने डोकं पंखातून काढलं, एकदा त्याच्या मडक्याकडे बघितलं, एकदा माझ्या, आणि मान ताठ केली. आम्ही दोघांनीही ते ओळखलं. एकाच वेळी चार हात पाण्याखाली, जवळ सापडतील त्या पायांकडे गेले. माझ्या मुठीत दोन पाय आले ते मी सोडले नाहीत, ओढलं, झोळीत कोंबलं. बाहेर नुसता पंखांचा कल्ला, माझ्या मडक्यावर पाणी आदळलं, आणि मग एकदम शांत. थवा गेला होता. माझ्या हनुवटीखाली काहीतरी ओलं, गरम, थरथरत होतं आणि माझ्या गळ्याला चोच मारत होतं.

बांधावर आलो, मडकी काढली. हाशाच्या झोळीत नर होता, लांब शेपटीचा, देखणा. माझ्या झोळीत तपकिरी मादी. दोघांचे दात वाजत होते.

"मादी दे," हाशा म्हणाला.

"नर दे."

"देतंस का नाय?"

"देतंस का तू?"

असे आम्ही उभे राहिलो. दोघांनी पाखरांचे पाय काथ्याने आवळून बांधले, काठावरच्या काळ्या चिखलात ठेवून, एकमेकांवरची नजर न काढता. पाखराकडे कोणी बघितलं नाही, ना त्याने ना मी. थवा उठल्याचा आवाज ऐकून बापूस धावत आला. त्याने एक नर बघितला, एक मादी बघितली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "झाली जोडी! देवीनं आयकला!" मी म्हटलं, "मादी माजी हाय, मी धरलीय." बापूस म्हणाला, "घरानला पाखरू घराचा. चल, टोपली घे."

टोपली मला घ्यायला लावली. हे मी अजून विसरलेलो नाही. हाशाने धुतलेला सदरा घातला, बापसाची टोपी घातली आणि पुढे चालला. बापूस त्याच्या बाजूला. मागून मी, डोक्यावर टोपली, टोपलीत माझी मादी त्याच्या नराशेजारी. अख्ख्या आळीतून. बायका दारात येऊन बघत होत्या. गोमाकाका ओरडला, "नाऱ्या, वरात कोनाची रं? वझा तुज्या डोक्यावर दिसतंय!" पाखरं घाबरली होती, त्यांची घाण माझ्या मानेवरून पाठीत उतरत होती. त्या वाटेवर हाशाच्या मानेकडे बघत चालताना माझ्या मनात जे जे आलं ते मी लिहिणार नाही. तो अजून जिवंत आहे आणि त्याची नात वाचू शकते.

धर्माबाबाने घोंगडी टाकली. बापूस बसला, खाकरला आणि म्हणाला, "आमच्या हाशासाठी तुजी जनी मागाला आलंव." मी टोपली अंगणात उतरवली. जनीची आई, पारूकाकू, आत वळून म्हणाली, "जने, पानी आन." जनी तांब्या घेऊन आली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, काही दिसतं का म्हणून. काही दिसत नव्हतं. चाल अशी होती की नुसती एक धार घालायची, पाय ओले झाले की पुरे. जनी उकिडवी बसली. नराच्या पायांवर धार घातली. मादीच्या पायांवर घातली. मग तांब्या खाली ठेवला आणि अंगठ्याने मादीच्या पायांवरचा चिखल घासायला लागली. घासते आहे, पाणी घालते आहे, परत घासते आहे. बापूस अस्वस्थ झाला. पारूकाकू म्हणाली, "अगो, भांडा हाय का त्या?"

नराचे पाय राखेच्या रंगाचे होते. मादीचे निघाले केशरी, पिकल्या सुपारीसारखे.

जनी म्हणाली, "ही जोडी नाय."

थव्यात कुठल्या तरी दुसऱ्याच जातीची एक मादी वाट चुकून घुसली असणार, आणि तीच नेमकी माझ्या मुठीत आली. धर्माबाबा वाकून बघायला लागला, बघितलं, आणि मांडीवर हात मारून हसला. "अरं, ही कोनाची बायको कोनाच्या गल्यान बांधून आनलीस?" दारात जमलेले सगळे हसले. पारूकाकूला मात्र ते लागलं. "आमच्या पोरीला असली जोडी? आमी काय आंधली हाव?" बापूस उठून उभा राहिला, टोपी सारखी करायला डोक्याकडे हात नेला, ती हाशाच्या डोक्यावर आहे हे आठवलं, हात खाली घेतला. धर्माबाबा समजावत होता, बस रे, चहा घे रे, पण जोडी नव्हती म्हणजे मागणी झालीच नव्हती, आणि दोन दिवसांनी पौष लागत होता. आम्ही परत निघालो. टोपली परत माझ्याच डोक्यावर.

बांधाजवळ हाशाने माझ्या छातीवर हात ठेवून मला थांबवलं. "तू बगूनच धरलीस."

"नाय रं. पान्याखाली काय दिसतंय?"

"तुला म्हाईत व्हता. तू बगूनच धरलीस, नाऱ्या."

मी गावदेवीची शपथ घेतली. त्याने मानलं नाही, अजून मानत नाही. खरं सांगतो, मुद्दाम केलं असतं तर मी ते छाती काढून सांगितलं असतं, एवढी माझी हौस होती. पण माझं डोकं मडक्यात आणि मूठ पाण्यात होती. पौष लागायच्या आत हाशा लाँचने मुंबईला गोदीत कामाला निघून गेला. आईस दोन दिवस रडली. त्या दोन पाखरांचं कालवण झालं तेव्हा घरात हाशा नव्हता, म्हणून तंगडी माझ्या ताटात पडली. मी खाल्ली. चांगली लागली.

पुढच्या वर्षी उधाणात बांध फुटला, तळ्यात खारं पाणी आलं आणि बदकं आमच्या बाजूला परत बसलीच नाहीत. मडकी कित्येक दिवस खाडीत वाहत जाताना दिसायची. त्या मार्गशीर्षात बापूस माझ्यासाठी जनीला मागायला गेला तो कोंबडा-कोंबडी घेऊन. धर्माबाबा म्हणाला, "जने, पाय बग गो आधी." ती हसली, एकच धार घातली आणि आत गेली. झालं लग्न.

झालं, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. ती पाय घासत बसली ते कोणासाठी? हाशाला नको म्हणायचं होतं म्हणून? की मागून चाललेल्या हमालाला बघून तिला काही वाटलं? की काहीच नाही? हाशा गोदीतून बायको घेऊन परत आला, इथे बंदर झाल्यावर न्हावा शेव्याला कामाला लागला, सणावाराला आमच्याकडे जेवायला यायचा. जनी त्याला वाढायची, "घ्या की भावजी, घ्या की." मोठा तुकडा त्यालाच. मी ताटावरून बघत राहायचो. तो गेला की विचारायचो, "त्या दिवशी घासलंस कनाला?" ती म्हणायची, "घान व्हते म्हनून." दरवेळी तेच. पोरं झाली, नातवंडं झाली, तरी तेच. शेवटी तिला हॉस्पिटलात ठेवलं होतं, नाकात नळी, तेव्हा मी परत विचारलं. माणसाने अशा वेळी विचारू नये, पण नंतर कधी विचारणार होतो? तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घान व्हते म्हनून घासले. तुजे पन घासतच आले ना जल्मभर?" एवढं बोलून तिला दम लागला, सिस्टर माझ्यावर ओरडली. मला अजून कळलेलं नाही की ते उत्तर होतं की नव्हतं.

ती गेली त्या दिवशी हाशा माझ्यापेक्षा जास्त रडला. मी ते बघत होतो. माझ्या बायकोसाठी माझ्यासमोर, माझ्याहून जास्त. तिच्या अंगावर हात ठेवून रडला नाही, लांब भिंतीला टेकून रडला, तरी माझ्या पोटात जुनं ते पेटलंच. आता तो रोज संध्याकाळी येतो. तो समोरच्याच सेक्टरला राहतो. गॅलरीत दोन खुर्च्या आहेत, एकीवर मी बसतो, एकीवर तो. बोलत फारसं नाही. पूर्वी मी त्याच्या उंचीवर जळायचो, त्याच्या ताटावर जळायचो. आता उंची त्याची वाकली आणि मधुमेहामुळे ताटात काही पडत नाही. तरी जळायला जागा आहे.

परवा तो बसला होता आणि त्याचा फोन वाजला. त्याची बायको सोनी. फोन बघून त्याने घाईघाईने बंद केला आणि माझी नजर चुकवली. परत वाजला, परत बंद केला. मला कळलं तो का बंद करतोय. माझ्यावर ओरडणारं आता घरात कोणी नाही, म्हणून.

"उचल की," मी म्हटलं.

"नको रं. वरडंल ती."

"म्हनून तर सांगतंय. उचल. आन त्यो बटन दाब, सगल्यांना आयकू येतो त्यो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बटन दाबलं आणि फोन दोघांच्या मध्ये गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. "कुटं मेलाव?" सोनी सुरू झाली. "गोली घेतली का? नाय ना? भात गार झाला, मी काय गरमच करीत बसू? वरडून वरडून माजा गला बसला, न् तुमी तिकडं गप्पा ठोकताव..." तिने कोणालाच सोडलं नाही, त्याच्या चपलांपर्यंत गेली. मी पुढे सरकून ऐकत होतो. मग तिने फोन ठेवला.

हाशा गुडघ्यावर हात देऊन उठायला लागला. मी त्याचं मनगट धरलं.

"बस जरा," मी म्हटलं. "परत करंल ती."